मंगळाची फुलं

मन्या, तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली, पाठ ताठ, कपाळभर विभूती, गळ्यात हारावर हार. तुमच्यात माणसाला शेवटचं आडवं नेत नाहीत, बसवूनच नेतात, हे काही मला नवीन नव्हतं. तुझ्या वडिलांना मी असंच जाताना पाहिलंय, त्यांच्या विमानाचे, म्हणजे त्या बसत्या तिरडीचे, बांबू आमच्याच मंडपाचे होते. पण तू तसा बसलेला मला वेगळ्याच कारणानं ओळखीचा वाटलास. टीव्हीसमोर तू अस्साच बसायचास. बरोबर मधोमध, गुडघे दोन्हीकडं पसरून, दुसऱ्याला जागा न ठेवता. माणसं पाया पडून पुढं सरकत होती. माझी पाळी आली, मी वाकलो, आणि माझ्या तोंडातून निघणारच होतं, "सरक की बे जरा."

निघालं नाही. घाटनांदुरात माझ्या तोंडातून निघायचं राहिलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

लोक म्हणाले, दिनू मंडपवाला लई रडला. खोटंय. मी चिडलो होतो, आणि चिडल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी येतं हे तुला शाळेपासून माहीत आहे. चिडणार नाही तर काय करणार? अर्धं आयुष्य मी तुझ्याकडं एकच गोष्ट मागितली. ती शेवटची पाटी एकदा, फक्त एकदा, माझ्या डोळ्यांदेखत सोडवून दाखव. आणि तू काय केलंस? भर दुपारी दुकानात, ब्लाउजपीसच्या गठ्ठ्याला टेकून, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणालास आणि निघून गेलास. ही काय पद्धत झाली?

वाचणाऱ्यांना यातलं काही कळणार नाही, म्हणून थोडं मागून सांगतो. तू मधे बोलू नकोस. पूर्वी मी सांगायला लागलो की दर दोन वाक्यांनी "आसं न्हाई झालतं" म्हणायचास. आज माझी गोष्ट सरळ जाणार आहे. त्यात काही मजा नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

आपलं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, म्हणजे सुटलं होतं म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या देशांतून रोज काहीतरी नवीन यायला लागलं होतं. स्टेशन रोडला एसटीडीचा पिवळा डबा लागला. शांपू पुडीत मिळायला लागला. आणि तुझे मामा सोलापूरहून साड्यांच्या गठ्ठ्याबरोबर टीव्हीला जोडायचं गेमचं डबडं घेऊन आले. वरून कॅसेट खोचायची, हातात वायरवाला रिमोट धरायचा. तुमच्याकडं टीव्ही नव्हता, कारण तुझ्या वडिलांच्या मते टीव्ही बघणारी माणसं दुकानात येत नाहीत. आमच्याकडं होता. वडिलांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा, त्यामुळं वायर, खोके, भोंगे यांच्या गर्दीत एक काळा-पांढरा टीव्हीही राहून गेला होता. तुझ्याकडं गेम, माझ्याकडं टीव्ही. एकमेकांशिवाय दोघांचाही उपयोग शून्य. आपल्या मैत्रीचं याहून खरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

डबड्याबरोबर एक पिवळी कॅसेट होती. वरच्या चित्रात रणगाडा होता आणि एक पैलवान होता. आत दोघांपैकी कुणीही नव्हतं. आत होती फरशी. पाटीभर चौकोनी फरश्या, प्रत्येकीवर एक चित्र, आणि कडेला वाचता न येणारी, कोंबडीनं माती उकरल्यासारखी अक्षरं. दोन सारख्या फरश्या शोधायच्या, त्यांच्यामध्ये जायला मोकळी वाट असेल तर बटण दाबायचं, की जोडी गायब. सगळी पाटी रिकामी केली की पुढची पाटी. कोपऱ्यात एक मासा असायचा, तो हळूहळू आटत जायचा. मासा संपला की खेळ संपला.

अंबाजोगाईला, परळीला, पार बीडपर्यंत आपण चौकशी केली. सगळ्यांकडं उड्या मारायचे आणि गोळ्या झाडायचे गेम होते. हा कुणाकडंच नव्हता. दुकानदार म्हणायचे, असा गेम येतच नाही. आपल्याला लई बरं वाटायचं. घाटनांदूरकडं आहे आणि बीडकडं नाही असं त्याआधी फक्त रेल्वेच्या बाबतीत झालं होतं.

चित्रांची नावं आपणच ठेवली. पंखा, जिलेबी, टकला म्हातारा, चिमणी. आणि फुलं. घोटाळा सगळा फुलांनी केला. दोन फुलं हुबेहूब सारखी, पाकळीला पाकळी, दांड्याला दांडा. कधी दाबली की निघून जायची आणि कधी दाबली की "टुँई" असा अपमान व्हायचा आणि मासा एकदम निम्मा. कारण समजेना. आपण रिमोट उघडून फुंकला. कॅसेट बनियनला पुसली. तू तर एकदा उदबत्ती ओवाळलीस.

मग शोध मी लावला, याचं श्रेय मी मेल्यावरही सोडणार नाही. मंडपवाल्याचा पोरगा मी, रोज लग्नं बघणारा. मी म्हणालो, "मन्या, ह्यातली काही फुलं मंगळाची हायेत."

"म्हंजे?"

"मंगळाच्या पोरीला मंगळाचाच नवरा लागतो का न्हाई? तसंच हाय हे. दिसायला सगळी सारखीच. पण मंगळाची मंगळाशी जमतात, साधी साध्याशी. मिसळली की टुँई."

तू पडद्यावरच्या एका फुलावर बोट ठेवलंस. मग म्हणालास, "आन् मंगळाची वळखायची कशी?"

"पत्रिका बघून."

चेष्टा होती, पण लागू पडली. प्रत्येक पाटीत फरश्यांच्या जागा ठरलेल्या असायच्या, रोज त्याच. म्हणजे एकदा टुँई खाऊन कळलं की हे फूल मंगळाचं, की ते कायमचं मंगळाचं. फक्त लक्षात ठेवायचं. आणि इथंच, लेका, तू माझ्या पुढं निघून गेलास. मी चार फुलं लक्षात ठेवून पाचव्याला घोळ करायचो. तू अख्ख्या पाटीची सोयरीक तोंडपाठ करायचास. वरच्या रांगेतलं कडेचं मंगळाचं, त्याच्या खालचं साधं. ओठ हलायचे तुझे. गल्लीतली पोरं मागं उभी राहून बघायची, आणि बघता बघता तू पाटी झाडून काढायचास. असा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. हे तुला कधी तोंडावर म्हणालो नाही. ऐक आता.

शेवटची पाटी मात्र सगळी फुलांचीच होती. ना पंखा, ना जिलेबी, ना म्हातारा. नुसती फुलं, कडेपासून कडेपर्यंत. तिथं पोचायलाच सगळी दुपार जायची, आणि पोचलो की लाइट जायची. लाइट गेली की पुन्हा पहिल्या पाटीपासून. विजेच्या ऑफिसात आपला कुणीतरी जानी दुश्मन बसलाय असं तू म्हणायचास.

आणि मग माझी दाढ.

दाढ काढायला मी अंबाजोगाईला गेलतो. परत आलो तो गाल भोपळ्यासारखा, तोंडात कापसाचा बोळा, बोलायची बंदी. आमच्या खोलीत आलो तर तू पाय लांब करून बसलेला, आणि तोंडावर असं हसू, जसं काही तूच डॉक्टर.

"झाली," तू म्हणालास.

मी हातानं विचारलं, काय?

"शेवटची पाटी. सगळी फुलं गेली."

मी हातानं विचारलं, मग काय आलं?

"काय न्हाई आलं. काळं झालं. मग पुन्हा पयल्यापासून चालू झालं."

सगळ्या आयुष्यात मला वाद घालायची जेवढी गरज त्या क्षणी होती तेवढी कधीच नव्हती, आणि माझ्या तोंडात बोळा. तू मुद्दाम तोच दिवस निवडलास असं मी आजही मानतो. बोळा निघाल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते हे, "काळं झालं म्हंजे लाइट गेली आसंल."

"लाइट न्हाई गेली."

"कशावरून?"

"पंखा चालू होता."

झालं. तिथून पुढं हा खटला चालू राहिला. साक्षीदार नाही, पुरावा नाही, फक्त छताचा पंखा. माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात, तुझ्या पोरीच्या बारशात, मी कुठंही विषय काढला की तू शांतपणे म्हणायचास, पंखा चालू होता. मी म्हणायचो, लाइट गेल्यावर पंखा थोडा वेळ फिरतच राहतो. तू म्हणायचास, आमचा इतका चांगला न्हाई, आन् तुमचा तर न्हाईच न्हाई. मी म्हणायचो, मग पुन्हा करून दाखव. आणि तू म्हणायचास, "एकदा झालं ते झालं. पुन्यांदा कशाला?"

तसा तू पुन्हा करणारही होतास. बसला होतास एकदोनदा, पाटी जवळही आली होती. पण तेवढ्यात आमच्याकडं रंगीत टीव्ही आला.

वडिलांनी तो व्हिडिओसोबत भाड्यानं द्यायला घेतला होता. जुना काळा-पांढरा त्यांनी बदल्यात देऊन टाकला. गावोगाव जाण्याआधी एक दिवस तो रंगीत टीव्ही आपल्या ताब्यात होता, आणि मी गेम जोडला, आणि मन्या, मला अजून आठवतंय, मी ताडकन उठलो. फुलं! निम्मी लालभडक, निम्मी हिरवीगार! मंगळ-बिंगळ काही नाही, नुसता रंगाचा फरक, आणि आपण दोघं गाढव इतके दिवस पत्रिका बघत बसलो होतो. मी पळत तुमच्या दुकानात आलो आणि रस्त्यातूनच ओरडलो, "मन्या! मंगळाची लाल हायेत बे! लाल!"

तू आलास. दारात उभा राहून पडद्याकडं बघत राहिलास. मी नाचत होतो. "दिसली का? दिसली का?"

"हां," तू म्हणालास. "दिसली."

मग खेळायला बसलास. मी शेजारी बसून बोट दाखवत होतो, ही लाल, ती लाल, अरे ती नको, ती हिरवी हाय, डोळे फुटले काय! माझ्या बडबडीत तुझे ओठ हलायचे थांबले, आणि जी पाटी तू डोळे मिटून काढायचास त्या पाटीवर तू टुँई, टुँई, टुँई केलंस. मासा संपला. तू रिमोट खाली ठेवलास आणि म्हणालास, "रंगीतवर मजा न्हाई. जुना कुठंय?"

"गेला."

"कुठं गेला?"

"बदल्यात दिला वडिलांनी."

"परत आणता येईल का?"

मी इतका हसलो. रंगीत सोडून काळा-पांढरा परत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. सगळा देश पुढं निघाला होता आणि वाण्याचं पोरगं मागं चाललं होतं. तू त्यानंतर तो गेम कधी खेळला नाहीस, डबडंही माझ्याकडंच टाकून गेलास. टीव्ही भाड्यावरून घरी आला की मी खेळलो, पुष्कळ खेळलो, आणि रंग दिसत असूनसुद्धा शेवटच्या पाटीला कधी पुरा पडलो नाही. म्हणून तर मला बघायचं होतं. मला जमत नाही ते तुला आंधळ्या टीव्हीवर जमलं, यावर विश्वास कसा ठेवू?

मी तुला घमेंडखोर म्हणालो. भित्रा म्हणालो. थापाड्या तर रोजच म्हणायचो. तू हसायचास, आणि चहा सांगायचास.

पुढं तू मन्मथअप्पा झालास. वडिलांचं दुकान तू सांभाळलंस, साडी आणि मॅचिंग. आणि अख्ख्या पंचक्रोशीत तुझी कीर्ती कशाची? प्रामाणिकपणाची. इतर दुकानदार साडीवर ब्लाउजपीस टाकून "एकदम मॅचिंग, ताई" म्हणून मोकळे व्हायचे. तू कधीच नाही. तू दोन-चार पीस काढून द्यायचास आणि म्हणायचास, "माझ्या शब्दावर जाऊ नका. भाईर उजेडात न्या. शेजारणीला दाखवा. तुमी सांगाल ते मॅचिंग." बाया पायरीवर उभ्या राहून उन्हात कापड धरायच्या, आपसात भांडायच्या, आणि ठरवायच्या. सगळे म्हणायचे, अप्पांसारखा सच्चा माणूस नाही. बाकीच्या दुकानांनीही तुझी नक्कल करून पायरीवर आरसा लावला.

एकदाच काय ती फजिती झाली. दिवाळीआधी दुकानाला रंग द्यायला माणसं लावली होतीस, त्यांनी गठ्ठे खाली काढले आणि मनाला येईल तसे पुन्हा लावले. दुसऱ्याच दिवशी लग्नाचा बस्ता होता. पावसाचं आभाळ, बाहेर उजेड नाही, गर्दी मोठी. तू नेहमीच्या खणात हात घातलास, पीस काढलास आणि बांधून दिलास. संध्याकाळी नवरीची आत्या परत आली. मी तिथंच होतो.

"अप्पा, लाल शालूवर हिरवंगार झंपर! नवरी हाय का मिरची?"

सगळं दुकान हसलं. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. तू हसला नाहीस. तू रंगाऱ्यांवर असा ओरडलास की तुझा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. एवढ्याशा गोष्टीला एवढा राग कशाचा, मला समजेना. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, मन्याला आता पैशाचा माज आलाय.

आणि मग ही मागची दिवाळी. ती आठवली की मला अजून मूठ आवळावीशी वाटते. पिवळी कॅसेट माझ्याच माळ्यावर निघाली. गंमत म्हणून तिचा फोटो मी मोबाइलवरून जुन्या गेमवाल्यांच्या कुठल्याशा गटात टाकला, तर पुण्याच्या एका गृहस्थाचा फोन. म्हणाला, काका, ही कुठून मिळाली तुम्हाला? ही मिळत नाही. लोक शोधतायत. मी म्हणालो, आम्हाला माहीत आहे, आम्ही बीडपर्यंत शोधली होती. तो मागे लागला, विकत द्या. मी म्हणालो, थांबा, आधी आमचा एक खटला निकाली लागायचाय.

मी जुनं डबडं मिळवलं. भिंतीवर आमचा नवा टीव्ही, खिडकीएवढा. चकली, चिवडा, गादी, तक्क्या. तुला बोलावलं. तू आलास, पडदा बघितलास, आणि दारातच तुझा चेहरा उतरला. मी म्हणालो, "बस. आज एकदा कर. हरलास तरी चालतंय, पण माझ्यासमोर हर."

"डोळे दुखायलेत."

"चष्मा लाव."

"दिन्या, जाऊ दे ना बे."

"कावून जाऊ दे? एवढं वय झालं आपलं. एकदा हो म्हण का न्हाई म्हण. सोडवली होतीस का लाइट गेलती?"

तू चकली खाल्लीस. सगळी खाल्लीस, सावकाश. मग म्हणालास, "तुला जिंकायचंय ना? जिंकलास म्हण गावभर. तुझ्याकडं माईक हाय. मी खेळत न्हाई."

आणि उठून गेलास. त्यानंतर आपण रोज भेटलो, रोज चहा घेतला, पण तो विषय तू बंद केलास. आणि काही महिन्यांत तू स्वतःच बंद झालास.

तुझ्या गणाराधनेचा, दिवसांच्या जेवणाचा, मंडप मीच घातला. माईक लावला नाही. जंगम स्वामी जेवून गेले, पाहुणे पांगले, मी कनाती गुंडाळायला आलो आणि ओट्यावर बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या तोंडाला कुलूप कुठलं? मी म्हणालो, "वहिनी, रागावू नका. पण ह्या माणसानं एकदा, एकदा माझ्यासमोर तो गेम खेळला असता तर ह्याचं काय गेलं असतं?"

वहिनी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसल्या, मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना लाल-हिरवं कळतच नव्हतं."

"कुणाला?"

"ह्यांना."

"मन्याला?"

"जन्मापासून. दोन्ही एकच दिसायचे."

"मॅचिंगवाल्याला?"

"हळू बोला," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि मग पुन्हा हसल्या. "आता काय हळू. बोला मोठ्यानं."

लग्नानंतर पहिल्याच सणाला त्या हिरवी साडी नेसल्या होत्या, आणि तू म्हणालास, लाल रंग तुला खुलून दिसतो. त्यांना वाटलं पाहुण्यांसमोर चेष्टा करतोस. मग तूच सांगितलंस, आणि शपथ घातलीस. मॅचिंगच्या दुकानाच्या मालकाला मॅचिंग दिसत नाही म्हटल्यावर पायरी कोण चढणार? कुठला गठ्ठा कुठं हे तुझ्या वडिलांनी लावून दिलं होतं, ते तू पाठ केलं होतंस. त्या मिरचीच्या फजितीनंतर वहिनी प्रत्येक लाल गठ्ठ्याच्या टोकाला धाग्याची गाठ मारून ठेवायच्या. उजेडात न्या, शेजारणीला दाखवा. सच्चा माणूस!

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी म्हणायची त्यांना, दिनूभाऊजींना तरी सांगा. तर म्हणायचे, सगळ्या गावाला सांग, पण दिन्याला न्हाई. त्याच्याकडं माईक हाय."

मन्या, हे वाक्य मी पुष्कळ उलटंपालटं करून बघितलं. कुठूनही धरलं तरी टोचतं.

"लिहायचं असेल तर लिहा," वहिनी म्हणाल्या. "मला एकटीला सांभाळायचा कंटाळा आलाय. दुकान आता मी चालवायलेय, मला सगळे रंग दिसतात."

म्हणून हे लिहितोय, त्यांच्या परवानगीनं. आणि लिहिता लिहिता एकेक गोष्ट पुढं येतेय आणि माझा संताप वाढत चाललाय. हरभऱ्याच्या रानात आपला लाल चेंडू हरवायचा तेव्हा तू शोधायला कधी आला नाहीस, आम्ही म्हणायचो मालकाचं पोरगं, आळशी. तू आलासही असशील एकदा. तुझ्या पायाशी पडला असेल चेंडू. काय बघत होतास तू त्या रानात?

काल मी एक उद्योग केला. टीव्हीच्या रिमोटमध्ये रंग कमी करायची सोय असते, तो पार शून्यावर नेला. पडदा काळा-पांढरा झाला. पिवळी कॅसेट खोचली आणि बसलो. फुलांच्या पहिल्याच पाटीवर मेलो. पुन्हा बसलो, पुन्हा मेलो. हातात वही घेऊन जागा लिहाव्यात असं वाटायला लागलं, तेवढ्यात मासा संपला. फुलं माझ्याकडं बघत होती, सगळी सारखी, आणि कुठलं कुणाचं याचा पत्ता नाही. तू जगात रोज असाच उभा होतास. फक्त आमच्या खोलीत, त्या जुन्या टीव्हीपुढं, आम्ही सगळे तुझ्याइतकेच होतो, आणि तिथं तुझा हात धरणारा कुणी नव्हता. तो टीव्ही "गेला" असं मी हसत हसत म्हणालो.

तू शेवटची पाटी सोडवली होतीस. मला आता पुरावा नको. तुझ्याशिवाय ती कुणाला सुटलीच नसती. पुण्याच्या गृहस्थांना मी कळवलंय, कॅसेट विकायची नाही. त्यांनी कारण विचारलं, मी लांबलचक सांगितलं, त्यांनी फोन ठेवला.

पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. चूक तुझी आहे, आणि ती मी माफ करणार नाही. तू मला सांगितलं असतंस तर मी हसलो असतो, हे कबूल. आठवडाभर हसलो असतो. बाजारात तुला टोमॅटो दाखवून विचारलं असतं, पिकलाय का बघ. माईक हातात घेतला नसता अशी शपथ मी कुणापुढं घेऊ शकत नाही. तू मला नीट ओळखत होतास, राग त्याचाच जास्त आहे. पण पुढचं तू ओळखलं नाहीस. माणूस हसून हसून दमतो ना बे. मीही दमलो असतो. आणि दमलो की तुझ्या शेजारी येऊन बसलो असतो, रोज, वर्षानुवर्षं, गप्प न बसता.

रंग परत चालू केलाय, बस. वरच्या रांगेतली कडेची, लाल. तिच्या खालची, हिरवी. नाही, ती नको, ती हिरवी हाय. डावीकडची घे. हां, तीच. लाल हाय. दाब, मन्या.